लॅब्राडोर : बर्फाळ पाण्यातून आपल्या अंगणात

लॅब्राडोर कोण, हे आता गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पणजी-म्हापशाच्या सदनिकांपासून सांगे-सत्तरीच्या बागायतींपर्यंत काळा किंवा फिकट सोनेरी, रुंद डोक्याचा, सतत शेपटी हलवणारा हा कुत्रा ओळखीचा झाला आहे. त्याचे नाव मात्र मूळचे पोर्तुगीज आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ‘लाव्रादोर’ म्हणजे शेती करणारा, जमीन बाळगणारा. अझोर्स बेटांवरचा जुवांव फर्नांडिस लाव्रादोर हा दर्यावर्दी पंधराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर अटलांटिकच्या सफरीवर निघाला. त्याच्या या उपाधीवरून कॅनडाच्या ईशान्य किनाऱ्याला पुढे लॅब्राडोर हे नाव पडले आणि त्या किनाऱ्याचे नाव कालांतराने कुत्र्याला चिकटले.

यातही एक गफलत आहे. हा कुत्रा त्या किनाऱ्यावरचा नव्हेच. त्याचे पूर्वज लॅब्राडोरच्या दक्षिणेस असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावरचे, आणि त्यांना आजचे घाटदार रूप मिळाले ते इंग्लंड-स्कॉटलंडमधील जमीनदारांच्या इस्टेटींवर. थंड समुद्र, मासेमारी आणि शिकार या तीन गोष्टींनी त्याचे शरीर व स्वभाव घडवले. आपल्याकडच्या लॅब्राडोरच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे सुटलेले वजन, उन्हात लागणारी धाप, पावसाळ्यातील त्वचारोग आणि घरातील नासधूस, या घडणीकडे दुर्लक्ष केल्यामुळेच उद्भवतात. म्हणून त्याचा इतिहास जाणून घेणे ही केवळ हौस नव्हे. त्याला नीट सांभाळण्याची ती पहिली पायरी आहे.

कोळ्यांचा कामकरी सोबती

न्यूफाउंडलंडच्या सभोवतालचा समुद्र कॉड माशासाठी शतकानुशतके प्रसिद्ध होता. इंग्लिश, फ्रेंच, बास्क आणि पोर्तुगीज नौका तेथे दरवर्षी जात. पोर्तुगीज खाद्यसंस्कृतीतील ‘बाकाल्याव’ म्हणजे हाच खारवलेला, वाळवलेला कॉड. या निरनिराळ्या देशांच्या नौकांबरोबर कुत्रेही येत आणि त्यांच्या संकरातून बेटावर एक स्थानिक जलश्वान तयार झाला. सेंट जॉन्स या बंदरशहरावरून त्याला ‘सेंट जॉन्सचा पाणकुत्रा’ म्हणत. त्याच्या रक्तात पोर्तुगीज कुत्र्यांचाही अंश असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

हा कुत्रा मध्यम बांध्याचा, आखूड केसांचा आणि बहुधा काळा असे. छातीवर व पायांवर पांढरे ठिपके असत. त्याच बेटावर लांब केसांचा, अवजड न्यूफाउंडलंड कुत्राही होता. गाड्या ओढणे, ओझी वाहणे हे त्याचे काम. होडीवर मात्र लहान कुत्रा सोयीचा, कारण तो जागा कमी अडवी आणि त्याच्या आखूड केसांवर बर्फ साचत नसे. गळातून निसटलेला मासा पाण्यात उडी घेऊन पकडणे, जाळ्याची दोरी तोंडात धरून किनाऱ्यापर्यंत पोहत नेणे, ही कामे तो गोठवणाऱ्या पाण्यात तासन् तास करीत असे. पकडलेला मासा मात्र त्याने खायचा नाही, फाडायचाही नाही. धन्याच्या हाती जसाच्या तसा द्यायचा. भुकेल्या प्राण्याने तोंडातला घास न खाता माणसाला देणे, हा या जातीच्या स्वभावाचा गाभा.

शिकाऱ्यांच्या हाती

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खारवलेले मासे घेऊन येणारी जहाजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल या बंदरात लागत. जहाजांवरील कुत्र्यांचे कौशल्य पाहून तेथील शिकारप्रेमी सरदारांनी ते विकत घ्यायला सुरुवात केली. १८१४ मध्ये प्रकाशित झालेल्या शिकारविषयक ग्रंथात कर्नल पीटर हॉकर यांनी सेंट जॉन्सच्या कुत्र्याची चपळाई आणि तीव्र घ्राणशक्ती यांची वाखाणणी केली आहे. पूल बंदराजवळ माल्म्सबरीच्या अर्लांची इस्टेट होती. दुसऱ्या अर्लांनी या कुत्र्यांची पैदास सुरू केली आणि तिसऱ्या अर्लांनी तो वंश शक्य तितका शुद्ध राखला.

त्या काळात बंदुकांमध्ये वेगाने सुधारणा होत होती. एका फेरीत अनेक पक्षी पडत. ते झुडपांतून, दलदलीतून, तळ्यातून शोधून आणणारा कुत्रा हवा होता. हेरून आणून देणारा तो ‘रिट्रीव्हर’. गोल्डन, फ्लॅट-कोटेड, कर्ली-कोटेड, चेसापीक बे आणि नोव्हा स्कोशिया डक टोलिंग या जाती याच कामासाठी घडल्या. मात्र लोकप्रियतेत लॅब्राडोरने या सर्वांना मागे टाकले.

दरम्यान, मूळ भूमीत या कुत्र्यांवर संक्रांत आली होती. मेंढीपालनाला उत्तेजन देण्यासाठी न्यूफाउंडलंडमध्ये १७८० मध्येच एका कुटुंबास एकच कुत्रा, असे बंधन घालण्यात आले होते. १८८५ च्या मेंढीरक्षण कायद्याने कुत्रे बाळगणे आणखी कठीण केले. पुढे रेबीज रोखण्यासाठी ब्रिटनने बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर विलगीकरणाची सक्ती केली आणि नवी आयात जवळपास थांबली. सेंट जॉन्सचा पाणकुत्रा क्षीण होत गेला आणि १९८० च्या दशकात नामशेष झाला.

वंश टिकला तो स्कॉटलंडमध्ये. १८८० च्या दशकात माल्म्सबरींनी बक्लूचे सहावे ड्यूक आणि होमचे बारावे अर्ल यांना काही कुत्रे भेट दिले. त्यांतील नेड आणि एव्हन हे दोन नर आधुनिक लॅब्राडोरचे आद्य पूर्वज मानले जातात. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये आणि अमेरिकेच्या केनेल क्लबने १९१७ मध्ये या जातीस मान्यता दिली. अमेरिकेत १९९१ ते २०२१ अशी सलग ३१ वर्षे नोंदणीत लॅब्राडोर पहिल्या क्रमांकावर होता. २०२२ मध्ये फ्रेंच बुलडॉगने त्याची जागा घेतली.

रूप : प्रत्येक अवयवाला कारण

ब्रिटिश मानकानुसार नराची खांद्यापाशी उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर आणि मादीची ५५ ते ५६ सेंटिमीटर असावी. अमेरिकी मानकात वजन नरासाठी सुमारे २९ ते ३६ किलो व मादीसाठी २५ ते ३२ किलो दिले आहे. हे आकडे प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावेत असेच आहेत. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या लॅब्राडोरला आपल्याकडे ‘तब्येतीने चांगला’ म्हणण्याची रीत आहे; बहुतेकदा तो केवळ लठ्ठ असतो.

त्याची कवटी रुंद, जबडा मजबूत, पण पकड मऊ. टिपलेल्या पक्ष्याला दात न लावता तो उचलतो. चांगल्या कुत्र्याच्या तोंडून कच्चे अंडेही शाबूत येते. कान लोंबते, डोळे तपकिरी व सौम्य. पायाच्या बोटांमध्ये पडदा असतो, तो पोहताना वल्ह्याचे काम करतो. बुंध्याशी जाड आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी शेपटी पाणमांजराच्या शेपटीसारखी दिसते. पाण्यात वळताना ती सुकाणू होते. घरात मात्र चहाच्या मेजावरील कपबशा तिच्या टप्प्यात येतात.

अंगावरचे केस दुपदरी असतात. वरचा थर आखूड, सरळ आणि काहीसा राठ. त्याखाली मऊ, दाट लव. त्वचेच्या तेलकटपणामुळे पाणी आत झिरपत नाही आणि शरीराची ऊब टिकते. उत्तर अटलांटिकच्या पाण्यात ही रचना जीवनदायी होती. आपल्या हवेत तिचा विचार वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो. तो पुढे येईलच.

तीन रंगांचे गणित

मान्य रंग तीनच : काळा, पिवळा आणि चॉकलेटी. पिवळ्यात फिक्या सायीपासून कोल्ह्यासारख्या तांबूस छटेपर्यंत सर्व छटा येतात. आरंभीच्या पैदासकारांना काळाच रंग हवा असे. इतर रंगांची पिल्ले दूर केली जात. १८९९ मध्ये जन्मलेला ‘बेन ऑफ हाइड’ हा नोंद असलेला पहिला पिवळा लॅब्राडोर.

हे रंग मुख्यतः दोन जनुकांवर ठरतात. एक जनुक गडद रंगद्रव्य काळे असेल की तपकिरी हे ठरवते. दुसरे, ते रंगद्रव्य केसांत उतरेल की नाही हे ठरवते. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून येते. दुसऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सुप्त प्रकारच्या आल्या, तर पिल्लू पिवळे होते, मग पहिले जनुक काहीही सांगो. म्हणूनच दोन काळ्या जनकांच्या पोटी तिन्ही रंगांची पिल्ले एकाच वेळी जन्मू शकतात. त्यावरून पैदासकारावर भेसळीचा आरोप करण्याचे कारण नाही.

रंगाचा अतिरेकी मोह मात्र महाग पडतो. ब्रिटनमधील लॅब्राडोरांच्या वैद्यकीय नोंदींवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चॉकलेटी कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १०.७ वर्षे, तर इतर रंगांच्या कुत्र्यांचे १२.१ वर्षे आढळले. कान आणि त्वचेचे विकारही चॉकलेटी कुत्र्यांत अधिक होते. विशिष्ट रंगासाठी मोजक्याच जोड्यांमधून पैदास केल्याने दोष एकवटत असावेत, असे अभ्यासकांना वाटते. ‘चंदेरी’ रंगाची पिल्ले दुर्मीळ म्हणून चढ्या किमतीला विकली जातात; तो रंग प्रमुख केनेल क्लबांच्या मानकात बसत नाही.

स्वभाव : राखणदार नव्हे, सहकारी

लॅब्राडोरला माणसाबरोबर काम करायला आवडते. बंदुकीच्या आवाजाने न बिचकणे, खूण मिळेपर्यंत थांबणे, अनोळखी शिकाऱ्यांच्या व कुत्र्यांच्या गर्दीत शांत राहणे, या गुणांसाठी पिढ्यान् पिढ्या निवड झाली. त्यातूनच तो अंधांचा मार्गदर्शक, अपंगांचा मदतनीस आणि स्फोटके हुंगणारा पोलीस श्वान झाला. मुंबईकरांच्या स्मरणात ‘झंजीर’ अजून आहे. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील या लॅब्राडोरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढले. २००० मध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाले, तेव्हा त्याला शासकीय इतमामात निरोप देण्यात आला.

हा प्रेमळपणाच काही घरांत निराशेचे कारण ठरतो. बंगल्याच्या राखणीसाठी लॅब्राडोर आणणाऱ्यांनी समजून घ्यावे, की तो भुंकून पाहुण्याची वर्दी देईल, पण चोराचेही स्वागत करू शकेल. फाटकाशी दिवसभर साखळीने बांधून ठेवल्यास तो राखण करीत नाही. खचतो, सतत भुंकतो, माती उकरतो. आणि दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत तो शरीराने मोठा व मनाने पिल्लूच असतो. तोंडात काहीतरी धरणे ही त्याची उपजत प्रेरणा आहे. चपला, उशा, मुलांची खेळणी कुरतडली जातात ती सूड म्हणून नव्हे. कामाची ओढ असलेल्या प्राण्याला काम मिळाले नाही म्हणून. रोज तास-दीड तास चालणे, वस्तू शोधून आणण्याचा खेळ आणि थोडे शिक्षण दिले, तर हाच कुत्रा घरात निवांत पडून राहतो.

न शमणारी भूक

लॅब्राडोरच्या खादाडपणावर विनोद पुष्कळ होतात. त्यामागचे एक कारण २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी उजेडात आणले. शरीरातील चरबीच्या साठ्याची वार्ता मेंदूला देऊन भूक आवरण्यात ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकाचा वाटा असतो. त्यांनी तपासलेल्या लॅब्राडोरांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्यात या जनुकाचा एक तुकडा गळालेला होता. अशा प्रत्येक प्रतीमागे वजन सरासरी दोन किलोंनी वाढलेले दिसले. मदतनीस म्हणून निवडलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण ७६ टक्के होते. खाऊच्या आमिषाने शिकणारा कुत्रा लवकर तयार होतो. म्हणून प्रशिक्षकांची पसंती नकळत अशा भुकेल्या कुत्र्यांकडे वळत असावी, असा यावरचा तर्क. २०२४ मध्ये त्याच संशोधनाचा पुढचा टप्पा प्रसिद्ध झाला. हा दोष असलेले कुत्रे दोन जेवणांच्या मध्ये अधिक भुकेले राहतात आणि विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही कमी खर्च करतात, असे त्यातून दिसले.

याचा अर्थ स्पष्ट आहे. जेवणाच्या टेबलाशी बसून करुण डोळ्यांनी पाहणारा लॅब्राडोर उपाशी असतोच असे नाही. पोट भरल्याचा संदेशच त्याला नीट मिळत नसेल. त्याच्या डोळ्यांवर विसंबून वाढणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय, आणि हे अक्षरशः खरे आहे. अमेरिकेत एकाच वेताच्या लॅब्राडोरांच्या २४ जोड्यांवर आयुष्यभर चाललेल्या प्रयोगात प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोजके खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. सांध्यांचे दुखणेही सडपातळ कुत्र्यांत उशिरा सुरू झाले. कुत्र्याच्या आयुष्यात जवळपास दोन वर्षे ही लहान गोष्ट नव्हे.

वजन तपासण्याची सोपी रीत अशी : बरगड्यांवरून हलका हात फिरवावा, त्या दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. वरून पाहिल्यास कंबरेशी आत गेलेला बाक दिसावा. अन्न मोजून, दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी द्यावे. बक्षिसाचा खाऊ त्यातूनच वजा करावा आणि हा हिशेब घरातील सर्वांनी पाळावा. आजोबांची अर्धी पोळी, मुलांची बिस्किटे आणि मावशींनी घातलेला डाळभात मिळून एक पूर्ण जेवण होते. चतुर्थी-दिवाळीत विशेष जपावे. करंज्या-नेवऱ्यांतील मनुके, चॉकलेट आणि कांदा कुत्र्यांना विषारी ठरतात, आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडे आतड्याला इजा करू शकतात.

आपल्या हवेत सांभाळताना

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकताना तोंडातील ओलाव्याची वाफ होते, हेच त्याचे थंड होण्याचे मुख्य साधन. हवा दमट असली, की वाफ होण्याची क्रिया मंदावते. म्हणून किनारपट्टीवरचे ३३-३४ अंश तापमान आकड्यावरून वाटते त्याहून लॅब्राडोरला अधिक जाचते. लठ्ठ कुत्र्याला तर फारच. एप्रिल-मे महिन्यांत फिरणे सूर्योदयापूर्वी किंवा दिवेलागणीनंतरच असावे. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याला तेथून चालवू नये. बंद मोटारीत त्याला काही मिनिटेही ठेवू नये.

कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. अखंड धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांडी किंवा उलटी ही उष्माघाताची लक्षणे दिसताच त्याला सावलीत नेऊन अंगभर साधे थंड पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मग विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. उन्हाळ्यासाठी त्याचे केस मुळापासून भादरण्याची चूक करू नये. केसांचा थर उन्हापासून त्वचेचे रक्षणही करतो. नियमित विंचरून गळालेली लव काढून टाकणे पुरेसे असते.

पावसाळ्यात अडचण उलट असते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि लॅब्राडोरला तर डबक्यात लोळण्याची उपजत आवड. वरचे केस वाळलेले दिसतात, आतली लव ओलीच राहते. त्यातून खाज, दुर्गंधी आणि चट्टे सुरू होतात. फिरून आल्यावर अंग मुळापर्यंत कोरडे करावे, लोंबत्या कानांच्या आतील बाजूही पुसाव्यात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्याची लस घ्यावी. गोचिडांमुळे होणारा ताप वेळेवर ओळखला नाही तर जीवघेणा ठरू शकतो; म्हणून त्यांचा बंदोबस्त बाराही महिने हवा.

पिल्लू आणण्यापूर्वी

खुबा आणि कोपर यांच्या सांध्यांची सदोष वाढ व डोळ्यांच्या पडद्याचा ऱ्हास हे या जातीतील आनुवंशिक दोष आहेत. पिल्लाच्या आईवडिलांच्या सांध्यांचे क्ष-किरण व डोळ्यांची तपासणी झाली आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. पिल्लाला त्याच्या आईसह पाहावे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार पैदासकाराने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. महिन्याभराचे पिल्लू पिशवीतून आणून देणाऱ्याकडून खरेदी करणे म्हणजे या नियमभंगाला पैसे पुरवणे होय. घरी गुळगुळीत फरशी असल्यास पिल्लाच्या वावराच्या जागी चटया टाकाव्यात. वाढत्या सांध्यांना घसरणे बाधते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र वेळेचा. पुढील दहा-बारा वर्षे रोज सकाळी व संध्याकाळी या कुत्र्याबरोबर चालणारे कोणी घरात आहे का? उत्तर नकारार्थी असेल, तर लॅब्राडोर न आणणे हाच त्याच्यावरील उपकार. उत्तर होकारार्थी असेल, तर याहून निष्ठावान सोबती मिळणे कठीण. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांनी त्याला तोंडातला मासा न खाता हाती द्यायला शिकवले, आणि तो ते आजही विसरलेला नाही. स्वतःच्या ताटाबाबत मात्र त्याला संयम नाही; तो त्याच्या वतीने आपल्यालाच पाळावा लागेल.